खारीने पुसलेल्या दोन ओळी

सागाच्या एका जंगलात एक छोटी खार राहत असे. मोजण्यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते. ओढ्याजवळ, एका दाट जाळीच्या आड, बगळे गुरुजींची शाळा भरे. तिथे ती, एक ससा आणि एक पोपट शेजारी शेजारी बसत. पानगळ सुरू झाली तसे गुरुजी म्हणाले, "मुलांनो, आठवडाभर रोज गळलेली पाने मोजा. दहा-दहांच्या जुड्या बांधा, बेरीज मांडा. शेवटी पानगळीवर पाच ओळी लिहा. अक्षर वळणदार हवे."

पोपट फांदीवरून हललादेखील नाही. गुरुजींनी गेल्या वर्षी सांगितलेल्या ओळी त्याने जशाच्या तशा उतरवल्या : 'पानगळ आली. रान सोन्याचे झाले...' खार मात्र रोज जाळीखाली जाऊन पाने मोजी आणि ससा जुड्या बांधू लागे. पहिल्या दिवशी चार जुड्या झाल्या, तिसऱ्या दिवशी अकरा, सहाव्या दिवशी तेवीस. सातव्या दिवशी तिने मान वर केली. जाळी उघडी पडली होती. पलीकडचा ओढा लख्ख दिसत होता आणि काठच्या ओल्या वाळूत बिबट्याच्या पावलांचे ठसे होते. तिने घाईघाईने सालीवर कोळशाने लिहिले, 'जाळीची पाने संपली. बिबट्याला आता आपली शाळा दिसते.'

गुरुजींनी वाचले. "बेरीज बरोबर आहे. पण पानगळीच्या निबंधात बिबट्या कशाला? उद्या मोरसाहेब तुमचे लेखन बघायला येणार आहेत. या दोन ओळी पूस आणि पोपटाचे बघून लिही."

"पण गुरुजी, ठसे ताजे आहेत!"

"उलट बोलायचे नाही."

"नको ना पुसूस," ससा तिच्या कानाशी कुजबुजला. "खरे आहे ते."

खारीने पुसले. तिला 'छान' हा शेरा हवा होता. तो मिळालाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, सगळे सुरात पाढे म्हणत असताना, बिबट्या त्या उघड्या जाळीतून सरळ आत आला. गुरुजी उडाले, पोपट उडाला, खार सरसर झाडावर चढली. सशाला ना उडता येत होते, ना चढता.

चार दिवसांनी शाळा खडकामागे भरली. "असे काही होईल, हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते," गुरुजी म्हणाले. "आज 'आमचा मित्र ससा' यावर पाच ओळी लिहा. सुंदर लिहा." पोपट लगेच लिहू लागला. खारीने कोळसा उचलला आणि तसाच खाली ठेवला. गुरुजींनी तिच्या कोऱ्या सालीवर भले मोठे शून्य काढले.

तात्पर्य : शाबासकीसाठी खरे पुसून टाकले, तर त्याची किंमत बहुधा दुसऱ्यालाच मोजावी लागते.