राणू गांडुळदाराची गळ

राजेसाहेबांच्या मोतीतळ्यात पाण्यापेक्षा मासेच जास्त होते, पण गळाला एक लागेल तर शपथ!

कारण उघड होतं, फक्त ते बोलायची कुणाची छाती नव्हती. राजेसाहेबांना गळानं मासे धरायचा नाद लागला, तसा तो साऱ्या दरबारालाही लागला. दिवाण, कारभारी, वैद्य, ज्योतिषी, सगळे पहाटेपासून काठावर दाटीवाटीनं गळ टाकून बसत. दोऱ्यात दोरा अडके. एकदा दिवाणजींनी मोठ्या जोरात ओढलं, तर वर आली ती वैद्यबुवांची पगडी.

या गर्दीत राणू भोई आमिषाचा डबा धरून राजेसाहेबांमागे उभा असे. हुद्दा सरकारी गांडुळदार. आजा हवालदार, बाप जमादार आणि आपण गांडुळदार! घराणं उतरणीला लागलं ते थेट मातीत शिरलं, असं तो बायकोला स्वतःच सांगे.

एके दिवशी राजेसाहेबांचा पारा चढला. आमिषच वाईट, असा निकाल देऊन ते राणूवर कडाडले, "उद्या मावळतीच्या आत या तळ्यातला मासा आमच्या गळाला लागला नाही, तर तू बिऱ्हाड उचलायचंस!"

राणूला एकच घोर लागला. सरकारी खोली गेली तर बायकोपोरांना घेऊन जायचं कुठं? गांडुळं धरण्यापलीकडे त्याला काही येत नव्हतं, आणि तेही धड येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दरबारी मंडळी फराळात गुंतलेली पाहून तो राजेसाहेबांपाशी गेला आणि हात जोडून म्हणाला, की सरकारांनी एकट्यानं आपल्याबरोबर जरा खालच्या अंगाला यावं. इतक्या वर्षांत या माणसानं कधी काही मागितलं नव्हतं. राजेसाहेब नवल करीत उठले.

तळ्याचं जादा पाणी जिथून वाहून जाई, त्या सांडव्याखाली करवंदीच्या जाळीआड एक डोह होता. तिथं चिटपाखरू नव्हतं. त्याच डब्यातलं गांडूळ लावून राजेसाहेबांनी गळ टाकला. ते नीट टेकतात न टेकतात तोच दोरा ताणला गेला आणि हातभर मरळ काठावर येऊन उडू लागली!

राजेसाहेब हरखले, पण हट्ट काही सुटेना. "आम्ही तळ्यातला मासा म्हणालो होतो."

"तळ्यातलाच हाय, सरकार. पावसाळ्यात सांडव्यावरनं खाली उतरलाय."

"मग तिथं का लागत नव्हता?"

राणूनं डबा खाली ठेवला. "सरकार, दरबारात दिवसभर आपल्याला किती जण गळ घालत्यात?"

"मोजदाद नाही."

"त्यातल्या किती जणांच्या गळाला आपण लागता?"

"एकाच्याही नाही. लागलो तर राज्य चालेल कसं?"

"माशांचंबी त्येच म्हणणं हाय, सरकार. अन् आज ह्या गांडुळदारानं एकट्यानं, एकदाच गळ घातली..."

राजेसाहेबांनी मरळ उचलून तिच्याकडे पाहिलं, मग आपल्या चिखलानं भरलेल्या पायांकडे पाहिलं.

"आणि आम्ही लागलो!" म्हणत ते इतके हसले, की मरळ हातातून निसटून पाण्यात गेली, तरी हसू थांबेना.

राणूची खोली राहिली. शिवाय तो डोह त्याला इनाम मिळाला, आणि त्याच्या परवानगीवाचून तिथं कुणी फिरकायचं नाही, असं फर्मान निघालं. अट एकच: डबा मात्र त्यानंच धरायचा.

राणू छाती काढून घरी आला. "ऐकलंस का? आजा हवालदार, बाप जमादार अन् मी इनामदार!"

बायको म्हणाली, "बरं, इनामदार, जेवायच्या आधी हात धुवा."