शेपटी आत, पाल बाहेर

एक होती पाल. पिटुकली. एवढीश्शी! तिचं नाव चुकचुकी.

चुकचुकी राहायची शेवंतामावशीच्या स्वयंपाकघरात. तिथे होतं एक कपाट. कपाटाला होतं छोटंसं दार. आणि दाराला होती बिजागरी. आपला हात कोपरात वळतो ना? तसं दार बिजागरीवर वळतं.

पण ही बिजागरी होती भली मोठी. न्हाणीच्या दाराची! मावशीनेच ती बसवली होती. ठाक ठाक ठाक! "सुतार कशाला हवा? मला येतं सगळं!" म्हणाली होती.

एक दिवस चुकचुकी कपाटातून निघाली. सुर्र सुर्र सुर्र. डोकं आलं बाहेर. पोट आलं बाहेर. तेवढ्यात दार आपटलं. धाड!

शेपटी तुटली. टुक्!

शेपटी आत. पाल बाहेर. आणि दार बसलं घट्ट.

चुकचुकी म्हणाली, "दारा दारा, उघड की! माझी शेपटी मिळत नाही."

दार म्हणालं, "मी नाही उघडणार जा! ही ढोली बिजागरी माझ्या अंगावर बसलीय. ती सुटेल, तर मी उघडेन."

चुकचुकी चढली वर. सुर्र सुर्र सुर्र.

"बिजागरी बिजागरी, सूट की! दार उघडत नाही, माझी शेपटी मिळत नाही."

बिजागरी म्हणाली, "मी नाही सुटणार जा! मला काय हौस आहे इथे लटकायची? केरबा सुतार येईल, तर मी सुटेन."

केरबा सुतार बाहेर ओट्यावर बसला होता. बशीतून चहा पीत होता. फुर्र फुर्र. चुकचुकी गेली भिंतीवरून. सुर्र सुर्र सुर्र.

"केरबाकाका केरबाकाका, या की! बिजागरी सुटत नाही, दार उघडत नाही, माझी शेपटी मिळत नाही."

केरबा म्हणाला, "मी नाही येणार जा! दार केवढं? बिजागरी आणू केवढी? शेवंतावहिनी दार मोजतील, तर मी येईन."

चुकचुकी गेली मावशीकडे. सुर्र सुर्र सुर्र.

"ईऽऽऽ! पाल!" मावशी टुणकन स्टुलावर चढली.

"मावशी मावशी, मोज की! केरबा येत नाही, बिजागरी सुटत नाही, दार उघडत नाही, माझी शेपटी मिळत नाही."

मावशी स्टुलावरूनच म्हणाली, "मी नाही मोजणार जा! मोजायची टेप बोक्याच्या पोटाखाली आहे. बोका उठेल, तर मी मोजेन."

बोका झोपला होता उन्हात. घुर्र घुर्र. चुकचुकी थांबली लांब. बोका पाली खातो, ठाऊक आहे ना?

"बोकोबा बोकोबा, उठा की! मावशी मोजत नाही, केरबा येत नाही, बिजागरी सुटत नाही, दार उघडत नाही, माझी शेपटी मिळत नाही."

बोक्याने एक डोळा उघडला. "मी नाही उठणार जा! उठलो असतो, तर तुलाच खाल्लं नसतं का? माशी माझ्या नाकावर बसेल, तर मी उठेन."

माशी गुळावर बसली होती. गुं गुं गुं. चुकचुकी गेली माशीकडे. सुर्र सुर्र सुर्र.

"माशीबाई माशीबाई, बस की! बोका उठत नाही, मावशी मोजत नाही, केरबा येत नाही, बिजागरी सुटत नाही, दार उघडत नाही, माझी शेपटी मिळत नाही."

माशी म्हणाली, "मी नाही बसणार जा! मी गूळ खातेय."

आता मात्र चुकचुकीचं डोकं फिरलं.

"बरं. तू गूळ खा. मी माशी खाते!"

आणि तिने जीभ काढली. लप्प!

"अगं थांब थांब! बसते की! कुठल्या नाकावर बसू, सांग!"

माशी बसली बोक्याच्या नाकावर. गुं गुं गुं.

बोका शिंकला. आऽऽक्छी! आणि उठला. चुकचुकी पळाली उंच भिंतीवर.

मावशीने टेप ओढली. दार मोजलं. उंची मोजली, रुंदी मोजली, जाडीसुद्धा मोजली. "अगं बाई! दार तर पापडासारखं पातळ!"

केरबा आला पिशवी घेऊन. खळखळ खळखळ. पिशवीत बिजागऱ्याच बिजागऱ्या!

मावशी म्हणाली, "ही सोनेरी लावा. कशी चमकतेय!"

केरबा म्हणाला, "वहिनी, दाराला विचारू या."

दार म्हणालं, "ही नको. ही कानातल्या डुलाएवढी. मी लोंबकळेन!"

केरबाने दुसरी काढली. काळी, जाडजूड.

"ही नको. हिचे खिळे माझ्या आरपार जातील. आई गं!"

केरबाने तिसरी काढली. ना मोठी, ना छोटी. ना जड, ना हलकी. केरबाने माप लावलं. बरोब्बर!

"हीच!" दार म्हणालं. "हिची एक बहीण पण आण. एक वर लाव, एक खाली."

केरबाने जुनी बिजागरी सोडवली. कर्र कर्र कर्र. "सुटले एकदाची!" बिजागरी म्हणाली. नव्या दोन बसल्या. चक् चक्!

आणि दार उघडलं. सुईऽऽऽ!

आत शेपटी होती. चिवड्याच्या डब्याला टेकून पडली होती.

सगळे बघायला आले. मावशी आली. केरबा आला. बोका आला शिंकत शिंकत. माशी आली, पण जरा लांबच बसली.

मावशीने विचारलं, "आता ही चिकटवायची कशी गं? डिंक आणू?"

चुकचुकीने शेपटी उचलली. वास घेतला. आणि खाऊन टाकली! गट्टम!

"शीऽऽऽ!" सगळे ओरडले. "खाल्लीस? मग आम्हाला कशाला पळवलंस?"

"पळून पळून भूक लागली," चुकचुकी म्हणाली. "आणि शेपटी कुणाची? माझी! आणि माझ्या मागे बघा की जरा."

सगळ्यांनी मागे बघितलं. तिथे नवी शेपटी फुटत होती. तांदळाच्या दाण्याएवढी. चुकचुकीने ती हलवून दाखवली. टिक टिक!

दार मिटलं टप्प, आणि आपण सगळे गप्प!