खैरीचा चौथरा

फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. बोरमाळावर तेव्हा गाव नव्हतं. कुसळाचं गवत, चार बाभळी आणि लांडगे, एवढंच होतं. धनगर मेंढरं घेऊन यायचे, जाळीचं कुंपण घालून ती आत कोंडायचे आणि राखण कुत्र्यांवर सोपवायचे. त्या धनगरांत ठकू नावाची एक सून होती. पुढे सगळा माळ तिला ठकूआई म्हणू लागला. पण आई म्हणवून घ्यायला तिच्याजवळ तेव्हा काय उरलं होतं, ते ऐका.

ठकूच्या सासऱ्याची, सिदूबाची, खैरी नावाची कुत्री होती. आता म्हातारी झालेली. एक कान लांडग्याने फाडलेला, मागचे पाय आखडलेले, बसली की उठताना कण्हायची. तरी तिच्या नाकावर आणि घशावर विसंबून सिदूबाची तीनशे मेंढरं निर्धास्त असायची.

ठकू पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली आणि परतताना कडेवर सोनी नावाची लेक व पदरात एक पिल्लू घेऊन आली. पिल्लू भावाने दिलेलं. त्याच्या पायाला भिंगरी होती, म्हणून त्याचं नाव पडलं भिंगऱ्या. बाईला माहेरचा दगडही गोड लागतो, इथे तर जिता जीव होता.

भिंगऱ्या दिवसभर खैरीच्या मागे असायचा. तिच्या फाटक्या कानाला लोंबकळायचा, शेपूट चावायचा, तिच्या तोंडातली भाकरी ओढायचा. म्हातारी आधी उठून दुसरीकडे जायची. हा तिथेही हजर. मग ती मान वळवायची, आणि शेवटी ओठ उचलून गुरगुरायची. चावली मात्र कधी नाही. पण गुरगुर ऐकली की ठकू चुलीपासून उठायची आणि हातातली वेळूची फुकणी खैरीच्या नाकाडावर हाणायची. "गप."

सिदूबाने एकदाच सांगितलं, "बोलू दे तिला, ठके. दम देऊनच ती शिकवती त्येला."

"आन् उद्या माझ्या सोनीला चावली म्हंजे, मामंजी?"

नातीचं नाव निघालं तसा म्हातारा काठी उचलून मेंढरांकडे निघाला. त्या घटकेला तो आणखी दोन शब्द बोलला असता तर पुढचं टळलं असतं, असं म्हणतात.

महिनाभर फुकणी चालली. मग खैरीचं गुरगुरणं थांबलं. पिल्लू कान ओढायचं आणि ती डोळे मिटून घ्यायची. म्हातारपणी कुत्री गुणाची झाली, असं ठकूने चार बायकांत कौतुकाने सांगितलंसुद्धा. कुत्री मुकी झाली होती आणि ठकूला तोच तिचा गुण वाटला.

चैत्रातली दुपार होती. मेंढरं लांब चरायला गेली होती. बाभळीला झोळी टांगून ठकूने सोनीला निजवलं. झोळीखाली खैरी बसली, आणि ठकू वीस हातांवर पाठमोरी बसून भाकरी थापू लागली. लांडगे जोडीने येतात. त्यातला एक गवतातून पुढे आला आणि उभा राहिला. भिंगऱ्या शेपूट हलवत त्याच्याशी खेळायला निघाला. समोरच्याचा राग कसा ओळखायचा, हे त्याला कुणी शिकवू दिलंच नव्हतं. खैरीच्या पाठीवरचे केस ताठ झाले. तिने ओठ उचलला, पण घशातून आवाज काही फुटला नाही. तशीच मुक्याने ती त्या लांडग्यावर तुटून पडली. टेकावरून सिदूबाने सगळं पाहिलं. तो जीव तोडून ओरडला, पण वारं उलटं होतं. एवढ्यात मागून दुसरा आला.

तव्यावर भाकरी टाकून ठकू वळली, तेव्हा रिकामी झोळी हलत होती.

माणसांनी माळ पालथा घातला. तिसऱ्या दिवशी ओढ्यात सोनीचं टोपडं सापडलं, बाकी काही नाही. खैरी तर त्याच दिवशी बाभळीखाली मेली. तिच्या तोंडात लांडग्याचे केस तसेच होते. जीव जाईपर्यंत ती ठकूच्या हाताकडे बघत होती, त्यात फुकणी आहे का म्हणून, असं म्हणतात.

ठकूच्या नवऱ्याने भिंगऱ्याला ठेचायला धोंडा उचलला. ठकू आडवी आली. "त्येला मारू नगा. त्येला शिकवनारीचं त्वांड म्या बंद केलं."

तोच धोंडा तिने नवऱ्याच्या हातून घेतला आणि खैरीवर ठेवला. दिवसभर ती एकटीच धोंडे वाहत राहिली. असा चौथरा उभा राहिला.

त्यानंतर ठकू एका जागी टिकली नाही. ज्या तळावर नवं पिल्लू आलं आणि जुनं कुत्रं जेरीस आलं, तिथे ती न बोलावता जायची. पिल्लाच्या गळ्यात लाकडाचं लहानसं लोढणं बांधायची. पिल्लाला चढता येणार नाही एवढी उंच दगडी बैठक म्हाताऱ्या कुत्र्यासाठी रचायची. पहिली भाकरी म्हाताऱ्याला. सकाळी पिल्लाला मेंढरांमागे दमेपर्यंत पळवून आणायची. आणि म्हातारं गुरगुरलं की हातातलं काम टाकून उठायची व पिल्लाला उचलून बाजूला न्यायची. मारायची कुणालाच नाही. भिंगऱ्या तिच्याबरोबर म्हातारा झाला आणि त्यानेही कितीतरी पिल्लांना दम दिला.

मग मोठा दुष्काळ पडला आणि डोंगरातले लांडगे कळपाने खाली उतरले. ठकू तेव्हा धोंडे वाहून वाहून अकालीच वाकली होती. चौथऱ्यावर ती आणि दात पडलेला भिंगऱ्या, दोघंच बसली होती. भिंगऱ्या गुरगुरला. ती गुरगुर पुढच्या तळावरच्या कुत्र्याने उचलली, तिथून त्याच्या पुढच्याने, आणि सात तळांवरचा माळ पायाखाली थरथरू लागला. चौथऱ्याखालूनही एक घसा त्यात मिसळला होता, असं म्हणतात. लांडगे मागे फिरले. त्या साली माळावरचं एकही लेकरू गेलं नाही. माणसं ठकूच्या पाया पडायला आली, तर ती चौथऱ्याला कान लावून नुसती रडत होती. सोनी काही त्यामुळे परत आली नाही.

आज तिथे बोरमाळ नावाचं गाव आहे. दिवाळी सरली की मेंढरं बाहेर पडतात, आणि प्रत्येक घर आपलं सगळ्यात म्हातारं कुत्रं चौथऱ्यावर आणून त्याला पहिली भाकरी घालतं. घरात नवी सून आली की तिच्या हातून वेळूची एक फुकणी तिथे मोडून घेतात. आणि बोरमाळात कुत्र्याला कुणी गप म्हणत नाही. भर दुपारी कुठल्याही दारात कुत्रं गुरगुरलं, तर बाई तव्यावरची भाकरी जळू देते, उठते आणि आधी झोळीत बघते.