उताण्या तात्यांचं आकाश

फार जुनी गोष्ट. तेव्हा थापा मारायला अजून कुणी शिकलं नव्हतं, म्हणून खरीच समजा.

उल्कांच्या रात्री सगळं रान तळ्याकाठी जमायचं. "तो बघा, पडला!" असं ससा ओरडला की तात्या कासव मान वर करू लागत; ती वर होईस्तोवर तारा विझलेला असे. म्हातारपण आलं, तरी तात्यांना तारा पडताना एकदाही दिसला नव्हता.

"तात्या, पुढच्या वर्षीसाठी आत्ताच मान उचलायला घ्या!" ससा म्हणाला.

इतक्यात गर्दीत रानडुकराचा धक्का लागला आणि तात्या उताणे पडले. सगळे हसत त्यांना सरळ करायला धावले.

"खबरदार हात लावाल तर!" तात्या गरजले. पाठीखाली मऊ वाळू, डोळ्यांसमोर अख्खं आकाश. "तो पडला! अरे, तो आणखी एक!"

मान अवघडलेल्या सशाने हळूच विचारलं, "तात्या, शेजारी जागा आहे का हो?"

थोड्या वेळाने वाघ पाण्यावर आला. बघतो तर अख्खं रान पाय वर करून पडलेलं! कसली तरी साथ आली, असं समजून तो तहानलेलाच पळाला.

"कोण आलं होतं, तात्या?"

"कुणी का असेना. तू वर बघ."