सुपडू मिस्तरीची आठवी शिटी

शके अठराशे त्र्याऐंशी, मार्गशीर्ष महिना, हेमंत ऋतू. इंग्रजी सन एकोणीसशे एकसष्टचा डिसेंबर. कपाशीची दुसरी वेचणी चालू होती. त्या महिन्यात वऱ्हाडातल्या हिवरटाकळीची छोटी रेल्वे बंद झाली. ऐकणाऱ्यांनी हा काळ नीट ध्यानात ठेवावा, कारण यापुढचे सगळेच असे मोजूनमापून सांगता येणार नाही.

हिवरटाकळीस तेव्हा इंजिनांची शेड होती आणि त्या शेडमध्ये सुपडू वानखडे नावाचा मिस्तरी होता. त्याचा थोरला भाऊ तुळशीराम इंजिन चालवी. त्या काळी प्रत्येक ड्रायव्हरची शिटी देण्याची रीत निराळी असे. तुळशीराम नदीच्या वळणावर आला की दोन आखूड आणि एक लांब शिटी देई, आणि लांब शिटीच्या शेवटी दोरी सैल सोडत सोडत सूर असा खाली आणी, की जणू कोणी दमलेला माणूस ओट्यावर येऊन बसला. ती शिटी ऐकली की त्याची बायको गिरजाबाई चुलीवर तवा ठेवी. तो दारात पाय धुवी, तोवर पहिली भाकरी टोपलीत पडलेली असे. घरात घड्याळ नव्हते, आणि त्यावाचून कोणाचे अडतही नव्हते.

रेल्वे बंद झाली तेव्हा सात इंजिने मोडीत निघाली. आठवे इंजिन तुळशीरामसह दूरच्या मुलखात गेले. तिसऱ्या वर्षी तार आली, की तुळशीराम तापाने वारला. त्याचे इंजिन पुढे कोणी घेतले, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

सुपडूने मोडीतल्या इंजिनांच्या सातही पितळी शिट्या रेल्वेच्या साहेबांकडून मागून घेतल्या.

"यांचं करणार काय तू?" साहेबांनी विचारले.

"वाजवीन जी," सुपडू म्हणाला.

त्याने तेच केले. शिट्या चिंचेच्या कोळाने घासून फळीवर ओळीने मांडल्या. एकीचे नाव कोकिळा, एकीचे म्हातारी, सर्वांत थोर शिटीचे नाव सासूबाई. गावातल्या कापसाच्या जिनिंगच्या बॉयलरवर चढवून तो त्या केवळ हौसेने वाजवी. पुढे येणारे-जाणारे ट्रकवाले त्याला जुने एअर हॉर्न आणून देऊ लागले. तीन तोंडांचा एक भोंगा तो पंक्चरवाल्याच्या हवेच्या टाकीला जोडून वाजवी, आणि रस्त्याने जाणारे लोक कानांत बोटे घालून हसत.

"लोकं म्हशी पायतेत, हा शिट्या पायते," शेजारचा गणुजी म्हणे. "दूध किती देते रे सुपड्या?"

"दूध नाही देत बाप्पा, पन तुह्यासारख्या निजलेल्याले उठवते!"

सासूबाई वाजली की तीन कोसांवरचे बैल जुवाखाली कान टवकारत. एकदा दाट धुक्यात वाट चुकलेले लग्नाचे वऱ्हाड तिच्याच आवाजाच्या मागे मागे येऊन वेशीला लागले. सातही शिट्या एकदम वाजल्या, तेव्हा रूळ उखडलेल्या जागेची गिट्टी गाडी आल्यासारखी थरथरली, असे म्हणतात.

एकदा मात्र सुपडू चुकला. एका दुपारी भावाची फार आठवण आली म्हणून त्याने कोकिळेवर तुळशीरामची हाक वाजवली: दोन आखूड, एक लांब, शेवट सैल. थोड्या वेळाने गिरजाबाई जिनिंगच्या फाटकात येऊन उभी राहिली. तिच्या हातांचे पीठ अजून वाळले नव्हते.

"भाऊजी, मी तवा ठेवला," ती म्हणाली. "भाकर बी झाली. मंग ध्यानात आलं, का हे शिटी त्यायची नोहे. त्यायची हाक दुसरीच्या तोंडून नका आयकवू मले."

सुपडूची मान वर होईना. "वैनी, तीच शिटी आनीन. आनीन तवाच ते हाक वाजवीन."

त्या दिवसापासून सुपडूच्या हौसेला घोर लागला. भंगाराच्या बाजारांत जाऊन तो प्रत्येक पितळी शिटी तोंडाने फुंकून पाही आणि कानाशी धरी. वहाणांचे किती जोड झिजले, याबद्दल निरनिराळे आकडे सांगतात. त्यांपैकी एकही विश्वसनीय नाही. परंतु शेवटी शेवटी त्याला नुसत्या पितळेवर हात ठेवून आतला आवाज कळे, असे म्हणतात.

अखेर रहमत नावाच्या ट्रकवाल्याने बातमी आणली. "मिस्तरी, गोदावरीकडं एका साखर कारखान्यात पाळी सुटली की एक मवाळ शिटी वाजते," असे म्हणून त्याने ती तोंडाने वाजवून दाखवली. सुपडूच्या हातातला पाना खाली पडला.

गिरजाबाईला घेऊन तो तिथे गेला. कारखान्याचे साहेब भले होते. म्हणाले, "आम्ही विजेचा भोंगा बसवू. आजची पाळी सुटली की शिटी खोलून न्या." सुपडू बॉयलरपाशी गेला. वेळ झाली, तेव्हा त्याने दोरी हाती मागून घेतली आणि तीच हाक दिली.

गिरजाबाई बाहेर मजुरांच्या खोपटांपाशी उभी होती. तिने डोळे मिटले. सूर खाली उतरून थांबला, त्यानंतरही तिने ते बराच वेळ उघडले नाहीत. उघडले, तेव्हा एकेका खोपटातून धूर निघत होता आणि बाया तवे ठेवत होत्या.

"आज लई गोड वाजली बया," एक बाई भाकरी थापत म्हणाली. "बसा की मावशी. आमचा मालक येईलच आता. घास खाऊन जावा."

गिरजाबाई बसली, तिने घास खाल्ला, आणि मग उठून बॉयलरपाशी गेली. सुपडूने शिटीला पाना लावला होता.

"भाऊजी, पाना खाली ठेवा."

"वैनी! बारा वर्सं धुंडली मी हे."

"मी का मोजली नाही? आपुन आयकली, पोट भरलं. आतालोग मी एकलीच वाट पायत होती. हे काढली, त ह्या साऱ्याच वाट पायतीन."

"पन भोंगा बसवतीन ना ते!"

"भोंग्याले कोन ओयखते?"

सुपडूने शिटीवर हात ठेवला. मग त्याने शिटीचा नट पुन्हा घट्ट आवळला. तीन दिवस तिथे राहून त्याने बॉयलरवाल्याला शेवटी दोरी कशी सैल सोडायची, ते शिकवले, आणि दोघे रिकाम्या हातांनी गावी परतले.

आता सुपडूही नाही आणि गिरजाबाईही नाही. पण हिवरटाकळीत दरवर्षी त्या तिथीला, पाळी सुटण्याच्या वेळी, पिठाची गिरणी थांबते, ट्रॅक्टर थांबतात, रस्त्यावरचे ट्रकवालेही फाट्यावर इंजिन बंद करतात. गाव गोदावरीच्या दिशेला तोंड करून उभे राहते आणि ऐकते. इतक्या लांबून आवाज येत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळते. तरी एखाद्या वर्षी, कोणी न सांगता, घरोघरच्या बाया एकदम आत वळतात आणि तवा ठेवतात, असे म्हणतात.

ती तिथी फाल्गुन वद्य तृतीया. शके एकोणीसशे, शिशिर ऋतू. इंग्रजी सन एकोणीसशे एकोणऐंशीचा मार्च. त्या दिवशी आठवी शिटी जिथे होती तिथेच राहील, असे कायमचे ठरले.