म्हशीचं पहिलं पाणी

ज्या कोणी त्या इंजिनापुढची पाटी लिहिली, त्यानं लोखंड पाहिलं, इंजिन पाहिलंच नाही. पाटीवर वजन आहे, चाकांची मापं आहेत, बांधणीचं साल आहे. डाव्या टाकीच्या झाकणाभोवती दरवर्षी नव्यानं चढणारा तांबूस गंज कुठून येतो, याबद्दल मात्र चकार शब्द नाही. सोनजांबच्या रेल्वे संग्रहालयात येणारे लोक पाटी वाचतात, इंजिनाला टेकून फोटो काढतात आणि पुढच्या डब्याकडे वळतात. ज्याला गोष्ट हवी असेल, त्यानं फाटकाबाहेर माठ विकत बसणाऱ्या, कुंभारवस्तीतल्या कौतिकाबाईंना विचारावं. त्या आधी दटावतात, "इंजिन नका म्हणू, म्हैस म्हणा." मग सांगायला लागतात.

साहेबाच्या राज्यात इथून छोटी लाइन जायची, तेव्हाची ही हकिकत. इंजिन काळं, बुटकं, दोन्ही अंगांना फुगलेल्या पाण्याच्या टाक्या. पाणी दिसलं की थांबल्याशिवाय पुढं जायचं नाही. म्हणून सोनजांबच्या अलीकडे रुळांना लागून असलेल्या कुंभारवस्तीनं तिचं नाव म्हैस ठेवलं, आणि तेच चिकटलं. तिचा चालक याकोब भिंगारदिवे, नगरकडचा माणूस. ख्रिस्ती देवळातली भजनं म्हणत तो तिचं पितळ पुसायचा. शेगडीत कोळसा टाकणारा गफूर त्याला चिडवायचा, "उस्ताद, घरी भाभीला एवढं निरखून बघता का कधी?"

तो चैत्र होता असं सांगतात. वस्तीत उन्हाळ्याचे माठ भाजायची भट्टी, म्हणजे आवा, पेटलेला आणि वारा पिसाटल्यासारखा सुटलेला. म्हैस वस्तीवरून फुसफुसत पुढं गेली. वळणावर याकोबनं सवयीनं मागं पाहिलं, तर कडेच्या छपरातून ज्वाळा निघत होत्या.

ठिणगी कोणाची होती? आव्यातून ठिणग्या उडत होत्या हे खरं. म्हशीच्या धुराड्यातूनही उडत होत्या, हेही खरं. वाऱ्यानं कोणाची उचलली, ते वाऱ्यालाच ठाऊक. पण हे आपलंच काम, असं याकोबच्या मनानं त्याच क्षणी घेतलं.

त्यानं गाडी उलटी घेतली.

"उस्ताद, काय करता?" गफूर ओरडला. "आपलं पाणी तिथं ओतून टाकी रिकामी झाली तर शेगडीतली आग पाडावी लागेल. भर लाइनीत आग पाडली की इंजिन गेलं हातातून. कंपनीचा नियम आहे."

गफूर खोटं बोलत नव्हता. पाणी संपलेल्या इंजिनात आग ठेवली तर ते फुटतं. ती बाहेर ओढून टाकावी तर इंजिन रुळावर थंड पडतं, आणि अशा चालकाला कंपनी पुन्हा इंजिनावर चढू देत नसे. याकोबचं तर सगळं आयुष्य त्या इंजिनावर होतं. तरी त्यानं वस्तीशेजारी गाडी उभी केली आणि टाकीवर चढून झाकण उघडलं.

वस्तीतली विहीर उन्हाळ्यानं खोल गेलेली. रहाटानं पाणी वर येईपर्यंत अख्खं छप्पर बसत होतं. म्हशीच्या पोटात मात्र पाणी होतं, हाताशी होतं. कुंभारांनी विकायला काढलेले नवेकोरे माठ उचलले. गाडीतले उतारूही खाली उतरले, त्यांत नवं धोतर नेसून व्याह्यांकडे निघालेले कोणी पाहुणेही होते म्हणे. टाकीपासून छपरांपर्यंत माणसांची रांग लागली. किती माठ तडकले, किती हातातून निसटले, ते विचारू नका. कडेची घरं गेली. बाकीची वस्ती वाचली. माणसं, पोरंबाळं, गाढवं, सगळी धडधाकट राहिली.

तोवर इंजिनातलं पाणी दाखवणाऱ्या काचेच्या नळीत पाणी तळाला गेलं होतं. याकोबनं गफूरला बाजूला सारलं आणि लांब आकड्यानं सगळे निखारे स्वतः खाली ओढले. घरच्या चुलीवर आपल्याच हातानं पाणी ओतावं, तसं त्याला झालं. म्हैस एकदा सुस्कारली आणि गप्प झाली. तो तिच्या चाकाला पाठ लावून खाली बसला.

तेव्हा वस्तीतली म्हातारी ठकूबाई, तोंडाला काजळी फासलेली, त्याच्यापुढं येऊन उभी राहिली.

"बसलास काय रं लेकरा? जनावर तहानंनं पडलंय आन् धनी बसतोय व्हय?"

"मावशी, आग माझ्या धुराड्यानं लावली," याकोब म्हणाला.

"तुझ्या धुराड्याचं काय घेऊन बसलास? आवा आमचा, ठिणगी आमची. ऊठ!"

आता रहाट म्हशीसाठी फिरू लागला. माणसांची रांग तीच, माठ तेच, फक्त पाण्याची वाट उलटी झाली. निखारे विझले होते आणि साठ्यातला कोळसा सांडलेल्या पाण्यानं भिजला होता, तर कुंभारांनी आव्यासाठी साठवलेली शेणकुटं आणि कापसाच्या पऱ्हाट्या आणून शेगडीत भरल्या. अंग अजून गरम होतं म्हणून म्हैस लवकर शुद्धीवर आली, असं सांगतात. दिवस कलायच्या सुमारास ती शेणकुटाचा धूर सोडत सोनजांबला पोचली. डब्यात ठकूबाई आणि निम्मी वस्ती बसलेली.

फलाटावर कंपनीचा साहेब उभा होता. त्यानं नाक मुरडलं. "हा कसला वास?"

"आमच्या घरचा, सरकार," ठकूबाई म्हणाली.

मग सगळं बाहेर आलं. साहेबानं विचारलं, आग कोणी लावली? याकोब म्हणाला, माझ्या इंजिनानं. ठकूबाई म्हणाली, आमच्या आव्यानं. याकोब म्हणाला, मावशी मला वाचवायला खोटं बोलते. ठकूबाई म्हणाली, "उगा दुसऱ्याचं पाप आपल्या पदरात घेतंय पोरगं, त्याचं ऐकू नका." दोघं तिथंच हमरीतुमरीवर आली. साहेबानं उभ्या जन्मात खूप चौकशा केल्या होत्या, आणि त्या सगळ्यांत माणसं दुसऱ्याकडं बोट दाखवत होती. हे त्याला नवीन होतं. त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली म्हणे.

पण नियम नियमच राहिला. याकोबला इंजिनावरून उतरवलं आणि शेडमध्ये इंजिन पुसायच्या चिंध्या धुवायला बसवलं. म्हशीवर दुसरा चालक आला.

त्या दिवशी ठकूबाई नवस बोलली, की याकोब परत म्हशीवर चढेपर्यंत वस्तीतल्या दर आव्याच्या पहिल्या माठाचं पहिलं पाणी म्हशीला. धनी नसलेल्या जनावराला तहानेलं ठेवायचं नाही. गाडी वस्तीशी आली की एक बाई नवा माठ भरून उभी असायची. नवा चालक हसायचा, मग हसायचा थांबला, मग स्वतःच झाकण उघडून द्यायला लागला. ही बातमी साहेबापर्यंत जातच होती. पावसाळा सरला, नवा आवा लागला आणि एके दिवशी म्हैस आली ती भजन म्हणत आली. याकोब वर उभा होता; साहेबानंच नियम बाजूला ठेवून त्याला परत चढवलं होतं.

त्यानं हात जोडले. "मावशी, नवस फिटला. आता पाणी बंद करा. आग माझीच होती."

ठकूबाईनं माठ तसाच वर केला. "झाकण उघड. आग आमची होती, तवा पाणीबी आमचंच."

ती लाइन केव्हाच बंद पडली. म्हैस सोनजांबच्या जुन्या स्टेशनात, आता जिथं संग्रहालय आहे तिथं, कायमची उभी राहिली. पण आजही वस्तीत आवा उतरला की पहिल्या माठाचं पहिलं पाणी तिच्या टाकीत जातं. टाकीला खालून भोक आहे. पाणी रुळांमधून वाहत जाऊन कडुलिंबाला मिळतं. चैत्रात याकोबच्या घरची माणसं नगरहून येतात, टाकीचं झाकण तीच उघडतात, आणि कौतिकाबाईंशी त्यांचा जुना वाद नव्यानं जुंपतो. आग आमची. नाही, आमची. माठ रिकामा होईपर्यंत कोणी मागं हटत नाही, आणि मग सगळे मिळून जेवायला बसतात.

दरवर्षी गंज खरवडून टाकीला काळा रंग देणाऱ्या मुनाफ पेंटरला मागच्या चैत्रात एका पाहुण्यानं विचारलं, की एवढ्या वर्षांत कोणी यांचा वाद मिटवला कसा नाही?

मुनाफनं ब्रश डब्यात बुडवला. "मिटवू नका, साहेब. वाद मिटला, तर हिला पाणी कोण आणणार?"