नावाड्याच्या बायकोने पोहू नये

“सुनेला सकाळी घाटावर पाठवू नका. भावजी तिला पाण्यात उतरवतील.”

भिंतीपलीकडे सासू हे सासऱ्यांना सांगत होती आणि अलीकडे नवी सून पुण्णिका ताक घुसळत होती. लग्नाला अठरा दिवस झाले होते. आपण नसताना या घरात काय बोलतात, हे तिला एव्हाना पाठ झाले होते.

भद्रसेन राजाच्या काळातली ही गोष्ट. बोधिसत्त्व तेव्हा नीलावतीच्या काठी नावाड्यांच्या कुळात जन्मला होता. नाव उत्तिय. पुण्णिकेचा तो चुलत सासरा.

त्या कुळात बायका पोहायला शिकत नसत. शिकली, तर नवऱ्याच्या नावेवर तिचा भरवसा नाही, असा अर्थ होई. उत्तियाच्या बायकोचा, सामेचा, भरवसा एवढा, की ती घोट्याच्या वर पाण्यात कधी गेलीच नाही. एका पुरात नाव उलटली. उत्तियाने सहा उतारू बाहेर काढले. सातवी सामा, ती बुडाली. काठ पाच हातांवर होता.

 वर्षभराने तो म्हणाला, बायकांना मी पोहायला शिकवीन. पंचांनी समजावले, हे खूळ सोड, घाटाचे प्रमुखपण तुझेच राहील. त्याने प्रमुखपण सोडले. रोज उजाडताच कमरेइतक्या पाण्यात जाऊन तो उभा राही. तीन वर्षे कुणी आले नाही. लोक म्हणत, अजून बायको शोधतोय. ते अगदीच खोटे नव्हते.

त्या दिवशी जेवताना पुण्णिका त्याला भात वाढत होती. त्याने मान वर न करता विचारले, माहेरी नदी होती का? विहीर होती, ती म्हणाली. त्याची पावले पाण्याने पांढरी पडून सुरकुतली होती. तिने भाताचे भांडे खाली ठेवले.

“आत्याबाई, उद्यापासून मी काकांकडे पोहायला जाणार.”

सासूचा घास हातातच राहिला. “म्हणजे आमच्या पोराच्या नावेवर तुझा भरवसा नाही?”

“आहे ना. पण ते पाण्याला कसं कळणार?”

पुढे हळूहळू घाटावरच्या सगळ्या सुना पोहायला शिकल्या. उत्तिय मात्र मरेपर्यंत एकटाच राहिला.

गोष्ट संपवून शास्ता, म्हणजे बुद्ध, सभेला म्हणाले, “तेव्हाची सासू म्हणजे आज कुरकुरत का होईना, पण रोज भिक्षा वाढणारी ती उपासिका. पुण्णिका म्हणजे तिकडे मागे बसलेली, कमी बोलणारी भिक्षुणी. उत्तिय मीच होतो.”

सामा कोण, ते त्यांनी सांगितले नाही. कुणी विचारलेही नाही.

आपले दुःख दुसऱ्याच्या उपयोगी लावणे, याला शास्त्यांनी करुणा म्हटले.